दीड लाखात जुन्या स्विफ्टला टर्बो: उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचा अनुभव

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी ज्या कामाबद्दल लिहितोय, म्हणजे जुन्या पेट्रोल स्विफ्टला टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) बसवणं, ते रोज ऑफिसला न्यायच्या गाडीवर करायचं काम नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी मालकासाठी शिक्षा आली. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको. माझी स्विफ्ट २००७ ची. पंधरा वर्षं भरल्यावर रीपासिंग न करता मी तिची नोंदणी रद्द करून घेतली. आता ती फक्त ऑटोक्रॉसला (मैदानावर आखलेल्या वळणांतून वेळ लावून पळायची स्पर्धा) पळते आणि तिथवर ट्रेलरवरून जाते.

वर्कशॉपच्या मिस्त्रींचा, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना मामा म्हणतो त्यांचा, पहिला प्रश्न हाच असतो. "रोडवर पळवायची काय ट्रॅकवर?" रोडवर म्हणालात की चहा मिळतो, काम मिळत नाही. माझ्यासमोर एका पोराला त्यांनी असं परत पाठवलं, आणि तो पैसे रोख घेऊन आला होता. या माणसावर माझा विश्वास बसला तो तिथे.

वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण ते लिहू नका असं त्यांनीच सांगितलंय. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एक शेड, मामा आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगा. एका वेळी असलं एकच काम घेतात, बाकी दिवस हेड फेसिंग (सिलिंडर हेडचं तोंड सपाट करणं) आणि इंजिन बांधणी चालू असते. उद्यमनगरात ओळखीच्या कुठल्याही लेथवाल्याला विचारलं तर तो नेऊन सोडेल.

आता गाडीबद्दल. २००५ ला आलेल्या पहिल्या स्विफ्टमध्ये जी१३बीबी इंजिन होतं. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कागदावर ८७ एचपी ताकद. हेच इंजिन एस्टीममध्ये आणि जिप्सीतही होतं, त्यामुळे रॅलीवाल्यांची एक अख्खी पिढी त्यावर वाढली आणि सुटे भाग आजही कमी पैशात मिळतात. २०१० मध्ये स्विफ्टला १.२ लिटरचं के सिरीज इंजिन आलं. ते हलकं आहे, अ‍ॅव्हरेज चांगलं देतं, पण टर्बोसाठी मी जुनंच निवडेन. जुन्याचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, नऊच्या घरातलं, के सिरीजचं त्याहून जास्त. बाहेरून हवा कोंबायची असेल तर आत आधीच किती दाबलं जातंय यावर सगळं अवलंबून असतं. कॉम्प्रेशन जितकं जास्त, तितकं नॉकिंग लवकर, म्हणजे मिश्रणाचा काही भाग आपोआप भडकून पिस्टनवर दणके बसणं.

मी गोकुळ शिरगावला फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात कास्टिंग आणि व्हर्निअर असतं, त्यामुळे हे काम मी थोडं जास्तच जवळून बघितलं. मामांना त्याचा त्रास झाला नाही. उलट प्रत्येक वेल्डनंतर ते हाक मारायचे, "या साहेब, मोजा."

बजेटचं गणित इथे मोकळेपणाने मांडतो, कारण टर्बो बसवायचा म्हटलं की लोक टर्बोची किंमत विचारतात आणि तिथेच फसतात. माझा टर्बो म्हणजे स्विफ्ट डिझेलच्या ७५ पीएस (जवळपास तेवढेच एचपी) इंजिनावरचा बोर्गवॉर्नरचा केपी-३५. ते १.३ मल्टिजेट इंजिन या देशात इतक्या गाड्यांत बसलं, स्विफ्ट, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, की भंगारात हा टर्बो सहज सापडतो. मला तो ५,५०० ला मिळाला. आतला कोअर नवीन टाकून बॅलन्स करून घ्यायला ९,०००. म्हणजे टर्बोचे झाले साडेचौदा हजार. सगळा खर्च मिळून गेला १,४६,५००. टर्बो हा त्यातला जेमतेम दहावा हिस्सा आहे. उरलेले नऊ हिस्से त्या टर्बोपासून इंजिनाला वाचवायला लागतात. कुणी पन्नास हजारांत टर्बो बसवून देतो म्हणाला तर त्यातून काय काढून टाकलंय ते विचारा. बहुतेक वेळा ईसीयू आणि वाइडबँड सेन्सर काढलेला असतो, म्हणजे इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे ठरवणारं आणि ते बरोबर दिलं जातंय की नाही हे दाखवणारं, दोन्ही गायब.

ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या "इलेक्ट्रिक टर्बो" नावाच्या पंख्यावर तर एक रुपयाही घालू नका. माझ्या इंजिनाला सहा हजार आरपीएमला ०.४ बार बूस्ट (वातावरणापेक्षा जादा दाब) द्यायचा तर टर्बोतला हवा दाबणारा कॉम्प्रेसर फिरवायला चार किलोवॅटच्या आसपास ताकद लागते. बारा व्होल्टवर हिशोब करा, तीनशेच्या वर अँपिअर होतात. त्या पंख्याची वायर बघा आणि तुम्हीच ठरवा. खरा टर्बो ही ताकद सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम वायूतून काढतो, म्हणून तर तो कामाचा.

डिझेलचा टर्बो पेट्रोलवर लावण्यात एक धोका आहे आणि मामांनी तो पहिल्याच दिवशी सांगितला. डिझेलचा एक्झॉस्ट साधारण आठशे अंशांपर्यंत तापतो, पेट्रोलचा फुल लोडवर नऊशेच्या पुढे जातो. केपी-३५ ला पाण्याचं कूलिंगही नाही, फक्त ऑइलवर भागवावं लागतं. म्हणजे एक-दोन मिनिटांच्या ऑटोक्रॉसच्या फेरीला तो चालेल, पण कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर लागोपाठ लॅप मारत बसायला नाही. दुसरं म्हणजे वेस्टगेट, जादा एक्झॉस्ट टर्बोच्या चाकाला वळसा देऊन सोडणारी झडप. डिझेलवरचा तिचा अ‍ॅक्च्युएटर आपल्याला हवा तितक्या कमी दाबाला उघडत नाही. मामांनी तो काढून मऊ स्प्रिंगचा दुसरा लावला आणि वर्कशॉपच्या एअर कॉम्प्रेसरची हवा जोडून गेजवर दाखवलं, ०.४ बारला दांडा हलायला लागला. हे माझ्या डोळ्यांसमोर केलं, मी सांगायच्या आधी.

आता मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलिंडरचा एक्झॉस्ट गोळा करून टर्बोत नेणारा पाइपांचा जोड. या कामातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे.

यूट्यूबवर बघाल तर सगळीकडे चकचकीत स्टेनलेसचे वळणदार मॅनिफोल्ड दिसतात. मलाही तसाच हवा होता. मामा म्हणाले, "स्टेनलेस दिसायला लई भारी, पण तडा जातोय." आणि याला कारण आहे. ३०४ स्टेनलेस गरम झाल्यावर साध्या माइल्ड स्टीलच्या जवळजवळ दीडपट पसरतं. फूटभर लांबीचा तुकडा सहाशे अंशांनी तापला तर माइल्ड स्टील दोन मिलिमीटरच्या थोडं वर वाढतं, स्टेनलेस तीनच्या वर. प्रत्येक फेरीला एवढं पसरायचं, परत आकसायचं, आणि दोन्ही टोकांना बोल्टने आवळलेलं. पातळ पाइप असेल तर वेल्डच्या कडेने चीर पडते. आमच्याकडे फाउंड्रीत परत येणाऱ्या फुटलेल्या कास्टिंगमध्ये हेच कारण मी कितीतरी वेळा लिहिलंय.

मामांनी वापरले जाड माइल्ड स्टीलचे बटवेल्ड बेंड, म्हणजे टोकाला टोक लावून वेल्ड करायचे वळणदार तुकडे. हे कुठून आणले? साखर कारखान्यांना वाफेच्या लाइनचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून. आपल्या भागात कारखाने इतके आहेत की सगळ्या मापांचे बेंड काउंटरवर मिळतात आणि किलोच्या भावाने मिळतात. वजन वाढतं, गंज चढतो, दिसायला ओबडधोबड. पण भिंत जाड असल्याने उष्णता सोसतं आणि टर्बोचं वजन अंगावर घेऊनही लवत नाही.

फ्लँज, म्हणजे इंजिनाला बोल्टने आवळायची सपाट पट्टी, बारा मिलिमीटरच्या प्लेटमधून लेझरवर कापून आणला. वेल्डिंग करताना प्लेट वाकते हे कुणालाही माहीत असतं, पण ते टाळायला मामांकडे जी१३ चं एक भंगार सिलिंडर हेड ठेवलेलं आहे. फ्लँज त्या हेडवर बोल्टने आवळायचा, मग बेंड टॅक (वेल्डच्या ठिपक्यांनी पक्के) करायचे, मग एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला अशा उड्या मारत टिग वेल्डिंग. पूर्ण थंड होईपर्यंत बोल्ट सोडायचे नाहीत. नंतर तोंड ग्राइंड करून घेतलं. मी स्ट्रेट एज ठेवून तपासलं, ०.०५ मिलिमीटरचा फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) कुठेही आत गेला नाही. आमच्या मशीन शॉपमधून असा जॉब आला असता तर मी ओके मारला असता.

आणि एक बारकावा, जो मी आधी कुणाकडे पाहिला नव्हता. फ्लँजची मधली भोकं स्टडला अगदी बरोबर बसतील अशी, आणि टोकाकडची भोकं लांबट. म्हणजे गरम झाल्यावर मॅनिफोल्डला दोन्ही बाजूंना सरकायला जागा. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला हलायचं आसतंय. हलू दिलं न्हाय तर स्टड तोडतंय." कंपनीचे इंजिनिअर हेच करतात, पण शेडमध्ये हातावर काम करणारा माणूस हे विचारपूर्वक करतो तेव्हा मला मनापासून आनंद होतो. मॅनिफोल्ड, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) आणि फ्लँज मिळून १९,००० घेतले. या पैशात मला एकही रुपया जास्त वाटला नाही.

ऑइल लाइनबद्दल थोडं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल आत जायची लाइन बारीक असते, ती प्रेशर स्विचपाशी टी टाकून घेता येते. खरी काळजी परतीच्या लाइनची. तिथे दाब नसतो, ऑइल फक्त उताराने खाली येतं. होज जाड हवा, सरळ उतार हवा, कुठेही पोट पडता कामा नये, आणि संपमध्ये (इंजिनाखालची ऑइलची टाकी) ती ऑइलच्या पातळीच्या वर उघडायला हवी. नाहीतर ऑइल टर्बोत तुंबतं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं आणि निळा धूर सुरू होतो. लोक म्हणतात टर्बो गेला, टर्बो ठणठणीत असतो. मामांनी संप उतरवून त्यावर बंग (होज जोडायचं तोंड) वेल्ड केला आणि रॉकेल भरून रात्रभर टांगून ठेवला, गळती बघायला.

इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली हवा गार करणारा रेडिएटर, एका डिझेल गाडीचा जुना, आतून धुऊन घेतलेला. तो का हवा? आपल्याकडे एप्रिलमध्ये पस्तीस अंशांची हवा टर्बोत गेली की ०.४ बारला बाहेर येताना ऐंशीच्या आसपास असते. इतकी गरम हवा आत गेली तर नॉकिंगला आमंत्रणच. इंटरकूलरनंतर माझा सेन्सर पन्नासच्या थोडा वर दाखवतो.

ईसीयू म्हणून स्पीडुइनो वापरला. अर्डुइनो मेगा या स्वस्त सर्किट बोर्डवर बांधलेला, ओपन सोर्स, सर्किटपासून प्रोग्रॅमपर्यंत सगळं खुलं. वायरिंग धरून २४,००० झाले. तयार महागड्या ईसीयूच्या मानाने ही रक्कम फारच कमी आहे, पण त्याच्या बदल्यात वेळ द्यावा लागतो. क्रँक सेन्सरचा सिग्नल नीट वाचला जाईपर्यंत गाडी नुसती खोकत होती. मामा कॉम्प्युटरवाले नाहीत. हे काम त्यांचा भाचा करतो, तो पुण्याहून सुट्टीला येतो तेव्हाच. म्हणजे तुमचं काम त्याच्या सुट्ट्यांवर अडतं, हे आधी लक्षात घ्या. माझं काम ठरलेल्या मुदतीपेक्षा बरंच लांबलं त्याचं मुख्य कारण हेच.

वाइडबँड सेन्सरवर १६,५०० गेले. यात काटकसर करू नका असं मी हात जोडून सांगतो. एका मित्राने ऑनलाइन कुठूनतरी नकली सेन्सर मागवला होता, तो मिश्रण ठीक असल्याचं दाखवत राहिला आणि आत तिसरा पिस्टन रिंगपाशी फुटला. आणखी एक गोष्ट, जी आता सगळ्यांनाच लागू आहे. पंपावरचं पेट्रोल आता ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. शुद्ध पेट्रोलला हवेचं आदर्श प्रमाण एकास १४.७ धरतात, ई२० ला ते साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या आकड्यांवर बोट ठेवून ट्यून केलं तर गोंधळ होतो. मीटर सरळ लॅम्ब्डावर (आदर्श प्रमाणाला १ धरणारा आकडा, पेट्रोल जास्त झालं की १ च्या खाली) लावून घ्या, मग पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे त्याने तुमचा हिशोब चुकत नाही. इथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग सोसायची क्षमता, वाढतं, ते टर्बोला फायद्याचंच आहे. पण २००७ च्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी केलेले नाहीत. ते आम्ही सगळे बदलले, इंजेक्टर मोठे टाकले आणि पंपही नवीन घेतला. या सगळ्याला १२,००० लागले.

ट्यूनिंगचा दिवस मात्र मी सविस्तर सांगणार.

डायनोवर, म्हणजे चाकाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी बांधली. आधी टर्बो नसताना याच डायनोवर चाकाला ६९ एचपी आणि ९४ न्यूटन मीटर मोजून घेतले होते. हे आवर्जून करा, आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच डायनोचा असावा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. भाच्याने लॅपटॉप लावला. मामांनी एक तांब्याची नळी आणली. तिचं एक टोक चेपून, भोक पाडून ब्लॉकच्या एका बोल्टखाली आवळलं. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप, आणि तो पाइप कारखान्यात कानाला लावतात तसल्या इअरमफमध्ये. इअरमफ घालून मामा डायनोच्या बाजूला स्टुलावर बसले, डोळे मिटून.

भाचा इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, एकेक अंश पुढे घ्यायचा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये खेचायची, मामा हाताने खूण करायचे. एका खेचीला त्यांनी झटकन हात वर केला. भाच्याने लगेच पाय काढला. स्क्रीनवर काहीही वेगळं दिसत नव्हतं, लॅम्ब्डा ०.८ च्या आसपास, तापमान ठीक. मामांनी इअरमफ माझ्या कानाला लावला आणि पुन्हा तीच खेच करायला सांगितली, पण हळू. इंजिनाच्या घरघरीत साडेतीन हजारांच्या पुढे बारीक खडा डब्यात पडल्यासारखा टक् टक् आवाज आला. हेच नॉकिंग. साध्या कानाला ते ऐकू येईपर्यंत पिस्टनचं नुकसान होऊन गेलेलं असतं. स्विफ्टचे पिस्टन कास्टिंगचे आहेत, फोर्ज्ड नाहीत, आणि कास्ट अ‍ॅल्युमिनिअम वाकत नाही, तुटतं. हे मला रोजच्या कामातून माहीत आहे. त्या टप्प्यावर इग्निशन दोन अंश मागे घेतलं आणि पूर्ण पट्ट्यात थोडी सुरक्षित जागा ठेवली. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घेतले, गॅप कमी केला, नाहीतर दाबाखाली ठिणगी विझते.

शेवटचा आकडा चाकाला ८८ एचपी, ५,२०० आरपीएमला, आणि १२५ न्यूटन मीटर तीन हजारांनाच. एचपीचा आकडा ऐकून कदाचित तुम्हाला फार वाटणार नाही. भाचा म्हणाला, ०.६ बारला शंभर पार करून देतो. मामांनी लॅपटॉप बंद केला. "पोरं येत्यात, व्हिडिओ दाखवत्यात, एक बार द्या म्हणत्यात. मी इचारतो, पिस्टन कुठला हाय ते सांगा आधी." या एका गोष्टीसाठी मी या वर्कशॉपला पूर्ण गुण देतो. ज्याला स्वतःच्या कामाची मर्यादा कळते आणि गिऱ्हाइकाचा मोह जो वाढू देत नाही, असा मेकॅनिक मला दुसरीकडे भेटलेला नाही.

चालवायला गाडी कशी झाली? आमच्या ऑटोक्रॉसचं मैदान म्हणजे एका साखर कारखान्याचा यार्ड, गळीत हंगाम संपला की रिकामा होतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी दाबून दाबून जमीन टणक झालेली, वर बारीक धूळ. आखूड वळणं, दुसरा गिअर, फार तर तिसरा. आधी वळणातून बाहेर येताना गाडीला साडेचार हजारांच्या वर ठेवावं लागायचं, नाहीतर ती आळसायची. आता बावीसशे-तेवीसशेपासूनच ओढ लागते आणि तीन हजारांना छातीत दाब जाणवतो. टर्बो लहान असल्यामुळे लॅग, म्हणजे पाय दिल्यापासून ओढ लागेपर्यंतचा उशीर, जवळजवळ नाही. साडेपाच हजारांनंतर मात्र त्याचा दम संपतो, तिथून पुढे नुसता आवाज. लांब सरळ रस्त्यावर हे खटकेल, आखूड वळणांच्या मैदानात अजिबात नाही. या कामाला हाच टर्बो योग्य होता, मोठा टर्बो घेऊन मी त्याची वाट बघत बसलो असतो.

पुढच्या चाकांना मात्र ताकद पेलवत नाही. वळणातून लवकर पाय दिला की आतलं चाक नुसतं फिरतं. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल (एकच चाक नुसतं फिरू न देणारं) घेतलं तर सुटेल, पण त्याचे पैसे या बजेटमध्ये नाहीत. ब्रेक मी टर्बोच्या आधीच नवीन पॅड, नवीन डिस्क आणि नवीन फ्लुइड टाकून तयार केले होते. तुम्हीही आधी तेच करा.

तक्रारीही आहेत आणि त्या मी मामांना तोंडावर सांगितल्या आहेत. पहिल्या काही फेऱ्यांनंतर डाउनपाइपजवळून जाणारा वायरिंगचा एक जोड वितळला. तिथे हीट शील्ड लावायला हवी होती, ती राहिली होती. त्यांनी पैसे न घेता शील्ड बनवून दिली, वायरवर फायबरग्लासची स्लीव्ह चढवली आणि तिचा मार्गही बदलला, पण ही गोष्ट गाडी द्यायच्या आधी व्हायला हवी होती. आग लागायला एवढं पुरतं. गाडीत अग्निशामक सिलिंडर असल्याशिवाय मी तर स्टार्टरही मारत नाही. दुसरं, हिशोब. बिल म्हणजे वहीचं फाटलेलं पान, त्यावर "पाइप, बेंड, इतर" असं एका ओळीत. मी बसून प्रत्येक वस्तू वेगळी लिहून घेतली म्हणून इथे आकडे देऊ शकतोय. मजुरीचे २८,००० आणि ट्यूनिंगचे १२,००० मात्र सुरुवातीला सांगितले तेवढेच घेतले. तिसरं, डॅशबोर्डखालचं वायरिंग. चालतं व्यवस्थित, पण रंगांचा मेळ नाही आणि लेबल नाहीत. उद्या मैदानावर काही बिघडलं तर शोधताना हाल होतील. मी स्वतः बसून प्रत्येक वायरला टॅग लावले.

हे सगळं वाचून काहींना वाटेल, एवढे उपद्व्याप कशाला? कंपनीचा टर्बो असलेली जुनी गाडी का नको? ज्याला रस्त्यावर चालवायची आहे त्याला मी तेच सांगेन, डोळे झाकून. पोलो जीटी टीएसआय १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर देत होती, २०१३ पासून. २०१७ ला आलेल्या बलेनो आरएसचं एक लिटरचं बूस्टरजेट इंजिन १०२ पीएसचं. पुंटो अबार्थ तर १४५ पीएसची. नेक्सॉन पेट्रोल सेकंड हँडमध्ये हवी तेवढी मिळते. या गाड्यांचे पिस्टन, कूलिंग, गिअरबॉक्स सगळं टर्बो गृहीत धरून घडवलेलं आहे, आरसी स्वच्छ, विमा चालतो. माझ्या स्विफ्टपेक्षा त्या जास्त टिकाऊ आहेत यात मला शंका नाही.

पण माझ्यासाठी हिशोब वेगळा होता. गाडी आधीच माझ्याकडे होती, तिची विक्रीची किंमत भंगाराएवढी. मैदानावर आपटली, घासली तर जीव तुटत नाही. आणि मला गाडी नुसती वेगवान नको होती, तिच्या आत काय घडतं ते हाताने शिकायचं होतं. ते मला या शेडमध्ये मिळालं. मॅनिफोल्ड तयार होताना बघायला मामांनी मला कधी अडवलं नाही, उलट ग्राइंडर हातात दिला. ऑइल आता मी चांगलं सिंथेटिक वापरतो आणि किलोमीटर न बघता प्रत्येक दोन स्पर्धांनंतर बदलतो. फेरी संपली की इंजिन लगेच बंद करत नाही, मिनिटभर आयडलला ठेवतो, म्हणजे गरम टर्बोत ऑइल अडकून जळत नाही. मॅनिफोल्डचे नट पहिल्या गरम-थंडनंतर पुन्हा आवळले, त्यानंतर ते सैल झालेले नाहीत. फ्लँजच्या कडेला काजळीची रेघ दिसते का हे दर वेळी टॉर्च मारून बघतो, अजून दिसलेली नाही.

जाणार असाल तर आधी इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट करून तिचा कागद घेऊन जा. चारही सिलिंडर सारखे नसतील तर मामा टर्बोचं नावही काढू देत नाहीत, आधी इंजिन खोला म्हणतात, आणि तो खर्च वरच्या दीड लाखात धरलेला नाही. नोंदणी रद्द केल्याचा कागदही सोबत ठेवा, ते बघायला मागतात. अ‍ॅडव्हान्स निम्मा. सोमवारी शेड बंद असते. भाच्याची पुढची सुट्टी कधी आहे ते विचारूनच तारीख ठरवा आणि सामानाची यादी पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहून त्यावर त्यांची सही घ्या. ते देतात, फक्त मागावी लागते.